कावळा, फांदी आणि पेंटा

बंगळुरूच्या येलहंक्यात दीड महिन्याचं बाळ घेऊन सरकारी दवाखान्यात जाणाऱ्या मराठी आईच्या पिशवीत 'तायी कार्ड' असतं. कन्नडात तायी म्हणजे आई. आजी मात्र त्याला हमखास 'ताई कार्ड' म्हणते. नर्सबाई बाळाची डावी मांडी उघडी करते, अर्धा मिलिलिटर पेंटाव्हॅलंट टोचते, चोळू नका म्हणते आणि अर्धा तास इथंच बसायला सांगते. त्या अर्ध्या तासात आजी घड्याळाकडे कमी आणि नातवाच्या श्वासाकडे जास्त बघते.

आजीच्या ओळखीची ती त्रिगुणी लस: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात. तिच्यात कावीळ-ब आणि हिब, म्हणजे लहानग्यांना न्यूमोनिया आणि मेंदूज्वर करणारा जंतू, यांच्यावरच्या लसी मिसळल्या की पेंटा होते. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना एकेक. वेगवेगळ्या टोचल्या असत्या तर नऊ सुया झाल्या असत्या, आता तीन. डिसेंबर 2011 मध्ये केरळ आणि तामिळनाडूत ती सुरू झाली, मग कर्नाटक, गोवा वगैरे राज्यांत आली.

वाद तिच्याबरोबरच आला. लस दिल्यानंतर काही बाळं दगावली म्हणून श्रीलंकेनं 2008 मध्ये, भूताननं 2009 मध्ये आणि व्हिएतनामनं 2013 मध्ये ती थांबवली. तपासानंतर तिघांनीही पुन्हा सुरू केली. आपल्याकडे प्रकरण न्यायालयांपर्यंत गेलं. सगळा तंटा दोन लहानशा शब्दांचा: बाळ लसी'नंतर' गेलं, की लसी'मुळे'?

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं आपण सहज म्हणतो. संस्कृतात हाच काकतालीय न्याय. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, कारणाचा प्रश्न आणखी ताणून पाहिला. मडकं घडण्याआधी माती वाहणारं गाढव हजर असतं, पण त्याला ते मडक्याचं कारण मानत नाहीत. माती डोक्यावरून आणली तरी मडकं होतंच. कार्याच्या आधी नेमानं असणारं आणि ज्याच्यावाचून कार्य अडतं, तेच कारण.

आता 2013 सालचा भारत घ्या. हजार जन्मांमागे 40 बाळं वर्षाच्या आत जात होती, त्यांतली 28 पहिल्या महिन्यातच. उरली 12. वर्षाला अडीच कोटी जन्म धरले, तर महिना ओलांडलेली सुमारे तीन लाख बाळं, म्हणजे रोजची आठशेच्या आसपास. यांतल्या कित्येकांना आदल्या दिवशी किंवा आदल्या आठवड्यात लस टोचलेली असणारच. कावळे इतके आणि फांद्या इतक्या असल्यावर गाठ पडल्याशिवाय कशी राहील?

हिशेब पक्का आहे, पण तो आजीच्या कामाचा नाही. लाखांचा हिशेब तिच्या मांडीवरच्या एका बाळाबद्दल काहीच सांगत नाही. आणि कधीकधी फांदी खरोखरच कावळ्यानं मोडते. 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी शास्त्रज्ञ हाफकिनची प्लेगची लस टोचल्यावर 19 माणसं धनुर्वातानं मेली. लस मुंबईत परळला बनली होती. दोष हाफकिनच्या प्रयोगशाळेवर आला. 1907 मध्ये हाफकिन निर्दोष ठरला. लस निर्दोष होती, पण ती बाटली दूषित झाली होती. 'योगायोग' म्हणून फाइल मिटवली असती तर हे कळलंच नसतं.

म्हणून 'योगायोग' हा शेरा तपासाच्या शेवटी यावा, सुरुवातीला नव्हे. शवविच्छेदन, बाटलीचा बॅच नंबर, शीतपेटीचं तापमान, हे सगळं बघून झाल्यावर.

लस न देणाऱ्यालाही सुटका नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात अकर्मही जाणून घ्यायला सांगितलंय, ते उगाच नाही. डांग्या खोकल्यानं बाळ गेलं तर कुणाच्या हातात सुई दिसत नाही, एवढाच फरक. तेव्हा आजीनं नातवाला आणावंच. पण ती लसीचा धोका, कितीही विरळा असो, गावातल्या सगळ्या बाळांसाठीही पत्करते, आणि त्याची जबाबदारी गावानं घ्यायला हवी. लसीमुळे इजा झालेल्यांना भरपाई देणारा कायदा ब्रिटननं 1979 मध्ये केला, अमेरिकेनं 1986 मध्ये. भारतात पेंटा आली तेव्हा अशी सोय नव्हती. ती पहिल्या बाटलीबरोबरच यायला हवी होती.