मांजराचा आहार आणि पाळणाऱ्याचे व्रत

ज्या घरात मांस शिजत नाही, त्या घरात मांजर पाळले तर त्याच्या पोटात जाणाऱ्या मांसाचा दोष कोणाकडे जातो? प्रश्न वरवर गमतीचा वाटतो, पण जैन आचारग्रंथांनी त्याचा गंभीरपणे विचार केला आहे. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राचार्यांच्या ‘योगशास्त्रा’त श्रावकाने, म्हणजे जैन गृहस्थाने, टाळायच्या पंधरा व्यवसायांची यादी येते. त्यांतला एक ‘असतीपोषण’ म्हणजे पैशासाठी मैना, पोपट, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर किंवा दासी पोसणे. दिगंबर परंपरेतली ‘कार्तिकेयानुप्रेक्षा’ याहून कडक आहे. तिथे मांजरासारखे हिंस्र प्राणी बाळगणे आणि शस्त्रे विकणे ही दोन्ही कामे एकाच ओळीत बसवली आहेत. दोन्ही ‘अनर्थदंड’, म्हणजे गरज नसताना ओढवून घेतलेले पाप. उशीवर वेटोळे करून झोपलेल्या मांजराकडे पाहणाऱ्याला ही तुलना अन्यायाची वाटेल. उंदराला ती वाटणार नाही.

या निषेधामागे मांजराच्या शरीराची रचना आहे. माणसाच्या सहवासात कुत्रा पोळी-भातावर बरेच निभावून नेतो, मांजराला ते जमत नाही. टॉरिन नावाचे द्रव्य बहुतेक सस्तन प्राणी आपल्या शरीरात पुरेसे तयार करतात. मांजराला ते प्राणिज अन्नातूनच मिळवावे लागते. ते कमी पडले की डोळ्याचा पडदा निकामी होत जातो आणि हृदयाचे स्नायू सैल पडून हृदय फुगते. हृदयविकाराशी असलेला हा संबंध अमेरिकी संशोधकांनी १९८७ साली दाखवून दिला आणि त्यानंतर तयार खाद्यातले टॉरिन वाढवण्यात आले. गाजर-भोपळ्यातल्या रंगद्रव्यापासून अ जीवनसत्त्व बनवणेही मांजराला साधत नाही. गोडाची चव ओळखणारे जनुकच त्याच्यात निकामी झालेले आहे, त्यामुळे शिऱ्याच्या ताटलीशी ते घोटाळले तर तुपासाठी, साखरेसाठी नव्हे. म्हणींनी त्याच्या नावावर लिहून दिलेले दूधसुद्धा बऱ्याच प्रौढ मांजरांना पचत नाही.

तरीही महाराष्ट्रातल्या शाकाहारी आणि माळकरी घरांत पिढ्यानपिढ्या मांजरे होतीच. तिथे सकाळ-संध्याकाळ दूधभात किंवा कुस्करलेली पोळी मिळे, बाकीचे मांजर स्वतः बघे. कणगीतल्या धान्याला उंदीर होते, माळ्यावर चिचुंद्री होती, अंगणात पाखरे होती. मांसाची सोय घराबाहेर किंवा अंधारात होत असल्याने तिचा हिशेब कोणी मांडत नव्हते. उंदीर कमी झाल्याचा फायदा मात्र घराला मिळत होता. कोकणात मासे खाणाऱ्या घरांपुढे हा पेच नव्हताच, कारण तिथे मासळीची डोकी आणि सुकटीचा भात हा मांजराचा हक्कच मानला जाई.

शहरातल्या फ्लॅटने ही जुनी तडजोड मोडली. पाचव्या मजल्यावरच्या घरात उंदीर नाहीत आणि खिडक्यांना जाळी आहे. मांजर पूर्णपणे माणसाने वाढलेल्या वाटीवर जगते. आता मांस विकत आणावे लागते. ते कोरड्या दाण्यांच्या पुड्यात असो की रश्शातल्या पाऊचमध्ये, आणणारा हात घरातल्याच माणसाचा असतो.

भारतीय नीतिविचाराने हिंसेचे तीन वाटे सांगितले आहेत: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि मान्यता दिलेली. कृत, कारित आणि अनुमोदित ही विभागणी पतंजलीच्या योगसूत्रांतही आहे आणि जैन ग्रंथांतही. तिच्या कसोटीवर पाहिले तर जुन्या घरातल्या मालकाकडे फार तर तिसरा वाटा येत होता. फ्लॅटमधल्या मालकाकडे दुसरा येतो. त्याच्या बचावासाठी एक जुना युक्तिवाद उपलब्ध आहे. बौद्ध विनयात भिक्षूला ‘त्रिकोटिपरिशुद्ध’ मांस चालते. आपल्यासाठी प्राणी मारला असे त्याने पाहिलेले, ऐकलेले नसावे आणि तशी शंकाही त्याला आलेली नसावी. मांजराच्या खाद्यात बहुधा माणसांसाठी कापलेल्या प्राण्यांचे न विकले जाणारे अवयव जातात, तेव्हा मांजरासाठी म्हणून कोणी मरत नाही, असे म्हणता येते. जैनांनी या युक्तिवादाला पूर्वीच हरकत घेतली होती: घेणारा असतो म्हणून मारणारा असतो. उरलेल्या अवयवांनाही आज भाव मिळतो आणि तो भाव खाटिकखान्याच्या जमाखर्चात धरलेला असतो, हे पाहता हरकत वजनदार आहे. मात्र भिक्षूकडे दुसरे अन्न मागण्याचा पर्याय होता, तो मांजराकडे नाही.

मग मांजरालाच शाकाहारी करावे, अशी कल्पना सुचते. टॉरिन आता कारखान्यात कृत्रिमरीत्या तयार होते, तेव्हा कागदावर तरी वनस्पतिजन्य खाद्य जुळवता येते आणि काही देशांत ते विकलेही जाते. प्रत्यक्षात पशुवैद्य त्याबाबत सावध असतात. घरच्या घरी डाळ-भात-पनीर देऊन तर हे मुळीच साधत नाही, शिवाय फोडणीतला कांदा-लसूण मांजराला विषारी असतो. वनस्पतिजन्य आहाराने लघवीचा आम्लपणा कमी होऊन खडे होण्याचा धोका वाढतो. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, त्यामुळे ती अडून लघवी पूर्ण तुंबली तर दोन-तीन दिवसांतही तो दगावू शकतो.

आरोग्याचा प्रश्न सुटला तरी व्रताचा उरतोच. गुणभद्रांच्या ‘उत्तरपुराणा’त महावीरांच्या एका पूर्वजन्माची कथा आहे. त्या जन्मी ते सिंह होते. शिकार करणाऱ्या सिंहाला मुनी उपदेश करतात, त्याला पश्चात्ताप होतो आणि तो हिंसा सोडतो. पण गवत खाऊन तो जगत नाही. अन्नत्याग करून देह ठेवतो. मांसाहारी प्राण्याने अहिंसेचे व्रत घेतले तर त्याचा अर्थ काय होतो, हे कथाकाराला नीट ठाऊक होते. जैन तत्त्वज्ञान पशूलाही व्रताचा अधिकार देते, मात्र ते व्रत सिंहाने स्वतः घेतलेले असते. पाळणाऱ्याने मांजराच्या वतीने उपास धरला तर ते मांजराचे व्रत होत नाही, पाळणाऱ्याचेही होत नाही. महाभारताच्या उद्योगपर्वात गंगाकाठी हात वर करून तप करणारे एक मांजर आहे. उंदरांचा विश्वास बसल्यावर ते त्यांना एकेक करून खाते. मामल्लपुरमच्या सातव्या शतकातल्या प्रचंड शिल्पपटातही असे तपस्वी मांजर कोरलेले आहे. ढोंगाला या परंपरेत बिडालव्रत म्हणतात. वाटीत जबरदस्तीने डाळ वाढणारा माणूस हेच व्रत मांजराकडून करवून घेतो. फरक इतकाच की इथे मांजर निर्दोष असते.

‘तत्त्वार्थसूत्र’ या जैन ग्रंथाने अहिंसाव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, सांगितले आहेत: बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, फार ओझे लादणे आणि अन्नपाणी तोडणे. ही यादी शेतकऱ्याच्या गोठ्याकडे पाहून केलेली असावी, पण पाळीव मांजराच्या बाबतीत ती जवळजवळ पूर्ण लागू पडते. सोसणारे अन्न न देणे हा पाचवा अतिचार ठरतो. म्हणजे मांस आणले तर कारित हिंसा, न आणले तर अन्ननिरोध. श्रावकाचारांनी मुळात पाळण्यालाच आक्षेप का घेतला, ते इथे कळते. दार उघडून मांजर आत घेतल्यावर स्वच्छ हाताची वाट उरत नाही. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या जैन मंदिरातल्या पक्ष्यांच्या रुग्णालयाने याच पेचावर एक व्यवहारी तोड काढली. तिथे शिकारी पक्ष्यांवर उपचार करतात, पण त्यांना दाखल करून घेत नाहीत.

इस्लामी परंपरेत मांजराचा दर्जा वेगळा आहे. ते शुद्ध मानले जाते आणि त्याने तोंड लावलेले पाणी नमाजाआधीच्या वजूला चालते. मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या एका स्त्रीची हदीस प्रसिद्ध आहे. तिच्यावरचा ठपका दुहेरी आहे: तिने खायला दिले नाही आणि जमिनीवरची किडामुंगी खायला मोकळेही सोडले नाही. बंधन आले की पोषणाची जबाबदारी आली, असा हा सरळ न्याय आहे. मांजराने काय खावे हा प्रश्न इथे उपस्थितच होत नाही. जैन विचाराला जो गुंता सोडवावा लागतो, तो या विचारात तयार होत नाही, कारण मांसाहार तिथे निषिद्ध नाही.

वाटी भरलेली असली तरी मांजर शिकार सोडत नाही, कारण भूक आणि शिकारीची प्रेरणा या त्याच्यात वेगळ्या गोष्टी आहेत. पाल, झुरळ, गॅलरीत उतरलेले कबुतराचे पिल्लू असा काहीतरी ऐवज ते माणसाच्या पायाशी आणून टाकते. तो अजून जिवंत असेल तर सोडवावा का? जैनांच्या तेरापंथाचे संस्थापक आचार्य भिक्षू (१७२६–१८०३) यांनी नेमके मांजर-उंदराचेच उदाहरण घेऊन यावर वाद घातला. उंदराला वाचवणे ही लौकिक दया आहे, मोक्षाकडे नेणारा धर्म नव्हे, असे त्यांचे म्हणणे. बळाने शिकार हिसकावल्यास एकाच्या रक्षणासाठी दुसऱ्याच्या अन्नात अडथळा येतो आणि मारणाऱ्याचे मन तर बदलत नाही. विरोधकांनी त्यांना निर्दय ठरवले, आणि हा वाद पुढे दीर्घकाळ चालला. भिक्षूंचा तर्क रानातल्या किंवा गल्लीतल्या मांजराला लागू करताना मजबूत दिसतो. घरातल्या मांजराच्या बाबतीत तो लंगडा पडतो, कारण त्याचे पोट आधीच भरलेले असते आणि त्याला त्या जागी आणून ठेवणारा माणूसच असतो. कबुतराचे पिल्लू सोडवल्याने मांजराचे अन्न तुटत नाही, फक्त हिरमोड होतो. या बाबतीत पुढचा विचार सोपा आहे. खिडकीला जाळी लावली की पाखरेही वाचतात आणि मांजर खाली पडत नाही. बदल्यात पाच अतिचारांतला पहिला, म्हणजे बंधन, थोडा वाढतो.

नसबंदीचा प्रश्न छेद या अतिचारात मोडतो. शिवाय जनावरांना खच्ची करण्याचा धंदा, ‘निर्लांछन’, योगशास्त्राच्या त्याच पंधरा वर्ज्य व्यवसायांत आहे. पण ते ग्रंथ बैलाच्या कष्टासाठी केलेल्या छेदाबद्दल बोलत होते. भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, साधारण दोन महिन्यांनी विते आणि वर्षातून दोन-तीनदाही वेत होते. सात घरे फिरवलेली ती पिल्ले पार्किंगमध्ये गाड्यांखाली आणि रोगाने मरतात. एक छेद टाळून अनेक मृत्यू पत्करणे हे अहिंसेच्या हिशेबात बसवणे कठीण आहे. तरी इथेही संमती मांजराची नसते, आणि शस्त्रक्रिया सोयीसाठी केली की करुणेपोटी, हे पाळणाऱ्यालाच स्वतःशी ठरवावे लागते.

एवढा दोष पत्करून माणूस मांजर का ठेवतो, याचे उत्तर ग्रंथांत कमी आणि घरात जास्त सापडते. वर्तमानपत्र उघडले की मांजर नेमके त्याच पानावर येऊन बसते. डोळ्याला डोळा भिडवून पापण्या सावकाश मिटते. मांडीवर पुढच्या पायांनी कणीक तिंबल्यासारखे करत घुरघुरते, आणि हाक मारली तर कान वळवून तसेच पडून राहते. आज्ञा न पाळणाऱ्या जिवावरची ही माया बदल्यात फारसे काही मागत नाही. श्रीवैष्णवांच्या तेन्कलै शाखेने तर प्रपत्तीचा, म्हणजे देवाला शरण जाण्याचा, दाखला मांजराकडूनच घेतला. माकडाचे पिल्लू आईला घट्ट धरून असते, मांजराचे पिल्लू अंग सैल सोडते आणि आई त्याला मानगुटीला धरून नेते. देवाची कृपा दुसऱ्या प्रकारची, जिवाच्या प्रयत्नांवर न विसंबणारी. वडकलै शाखा मर्कटन्यायाकडे झुकली. मांजराच्या तोंडात एकाच दिवशी उंदीरही असतो आणि पिल्लूही, हे या दृष्टांतावर लिहिणाऱ्यांनी आणखी ताणायला हरकत नव्हती.

मायेला मोह म्हणणारी बाजूही आहे. भागवतातला राजर्षी भरत हरणाच्या पाडसात गुंतला, जपतप विसरला आणि पुढच्या जन्मी हरीण झाला. महाभारतातला युधिष्ठिर मात्र सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जायला नकार देतो आणि त्यासाठी गौरवला जातो. भरताने सर्व सोडून वनवास पत्करला होता, त्याचा दोष पाडस पाळण्यात नव्हे, ठरवलेले सोडण्यात होता. संसारी माणसाने असे काही ठरवलेलेच नसते. आठवडाभर गावी जाताना मांजर कोणाच्या भरवशावर सोडायचे, हा त्याचा पेच युधिष्ठिराच्या जास्त जवळचा आहे.

शेवटचा प्रश्न म्हातारपणाचा. घरात राहणारे मांजर बारा-पंधरा वर्षे, कधी त्याहून जास्त जगते, आणि उतारवयात मूत्रपिंडे निकामी होणे हा त्याचा नेहमीचा आजार. उपाय संपल्यावर इंजेक्शन देऊन मरण आणावे का? १९२८ साली साबरमती आश्रमात असाध्य वेदनेत तळमळणाऱ्या एका वासराला गांधीजींनी डॉक्टरकरवी विषाचे इंजेक्शन देवविले. त्यावर अनेक वैष्णव आणि जैन टीकाकार संतापले. दुसरा कोणताही इलाज उरलेला नसताना, वेदना त्या जिवाची आहे हे ओळखून आणि स्वतःचा लाभ न पाहता केलेला असा वध हिंसा नव्हे, अशी गांधीजींची भूमिका होती. जैन टीकाकारांचे उत्तर कर्मसिद्धांतातून येत होते: वेदना भोगून संपते, मध्येच तोडल्याने नाही. सल्लेखना, म्हणजे अन्नत्यागाने देह ठेवणे, जैनांना मान्य आहे, पण ती स्वीकारणाऱ्याने शुद्धीत, स्वतःच्या संकल्पाने घ्यायची असते. सिंहाच्या कथेत तो संकल्प होता. पशुवैद्याच्या टेबलावरच्या मांजराकडून तो मिळवता येत नाही, त्यामुळे इथे निर्णय आणि त्याचा दोष, दोन्ही पाळणाऱ्याकडेच राहतात.