दगडापेक्षा वीट मऊ

‘दगडापेक्षा वीट मऊ’ ही म्हण आपण उठताबसता वापरतो. दोन वाइटांतले कमी वाईट ते पत्करावे, एवढे व्यवहाराचे शहाणपण तिच्यात आहे. पण ती दोन गोष्टी सांगत नाही. एक म्हणजे, वीट मऊ असली तरी डोक्यात बसली तर काय होते. दुसरी म्हणजे, ज्याच्या हातात दगड नव्हताच त्याने वीट तरी का उचलावी. नीतीच्या प्रांतात ही म्हण नेली की या दुसऱ्या प्रश्नापाशी अडखळायला होते. प्रश्न तसा जुना आहे. अलीकडे तो गांजाच्या निमित्ताने पुन्हा घरात आला आहे.

आमच्या सीमाभागात गांजाला मराठीत आणि कानडीत नाव एकच. त्याची बदनामीही दोन्ही भाषांत सारखीच. बेंगळुरात नोकरी करणारा माझा एक भाचा गणपतीला घरी आला होता. जेवणानंतर विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, “मामा, तिकडे काही मुलं गांजा ओढत नाहीत, त्याची वाफ घेतात. जाळ नाही, धूर नाही. धूरच नाही तर फुप्फुसाला काय होणार?” त्याची आई चटकन म्हणाली, “गांजा घेणारा वेडा होतो, एवढं पुरे!” विषय तिथेच मिटला. पण दोघांच्याही म्हणण्यात सत्याचा एकेक तुकडा होता, आणि अख्खे सत्य कोणाच्याच हाती नव्हते.

भाच्याच्या तुकड्यापासून सुरुवात करू. गांजाच्या फुलोऱ्यातील नशेचे मुख्य द्रव्य टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, थोडक्यात टीएचसी. राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी 1964 साली इस्राएलमध्ये ते शुद्ध रूपात वेगळे केले. ताज्या झाडात हे द्रव्य बहुतांशी आम्लाच्या रूपात असते आणि त्या रूपात नशा देत नाही. उष्णता लागली की आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि नशेचे द्रव्य उरते. म्हणजे गरज उष्णतेची आहे, जाळाची नाही. चिलमीत दोन्ही एकत्र येतात. पेटलेल्या गांजातून टीएचसीबरोबर डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि जळक्या पाल्याची इतर विषे छातीत जातात. वाफेच्या यंत्रात गांजा साधारण 180 ते 220 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. तो पेट घेत नाही. त्यातली द्रव्ये तेवढी वाफ होऊन बाहेर येतात.

सॅन फ्रान्सिस्कोत 2007 साली 18 जणांवर केलेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. धूर घेतला काय आणि वाफ घेतली काय, रक्तातील टीएचसी साधारण सारखेच आढळले; श्वासातील कार्बन मोनॉक्साइड मात्र वाफेच्या बाबतीत फारच कमी. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी 2017 साली आजवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. दीर्घकाळ गांजा ओढणाऱ्यांत जुनाट खोकला आणि कफ यांचा संबंध त्यांना स्पष्ट दिसला. तेव्हा धूर टळला की छातीचा काही त्रास टळतो, हे म्हणणे थाप नव्हे. ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण याच शास्त्राने पुढे आणखी काही सांगितले आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात 2018 साली, क्वचितच गांजा घेणाऱ्या 17 जणांवर प्रयोग झाला. मोजून तेवढीच मात्रा धुराने आणि वाफेने दिली, तेव्हा वाफेने रक्तात अधिक टीएचसी गेले, नशा अधिक चढली आणि साध्या कामांतल्या चुका वाढल्या. कारण उघड आहे. जाळात द्रव्याचा काही भाग जळून जातो, काही हवेत उडतो. वाफेत ही नासाडी कमी. यंत्र जितके स्वच्छ तितके ते नशेच्या कामात तरबेज. फुप्फुसाला दिलेली सवलत मेंदूकडून वसूल होते, असे म्हटले तर फार चुकणार नाही.

शिवाय ‘वाफ’ या एका शब्दाखाली दोन वेगळे माल विकले जातात. एक तापवलेला फुलोरा आणि दुसरा नळीत भरलेले अर्काचे तेल. अमेरिकेत 2019 साली धडधाकट तरुण माणसे श्वास लागून दवाखान्यात येऊ लागली. फेब्रुवारी 2020 पर्यंत अशा 2,807 जणांची नोंद झाली आणि 68 मृत्यू झाले. बहुतेकांनी टीएचसीच्या तेलाच्या नळ्या वापरल्या होत्या, त्याही बव्हंशी चोरट्या बाजारातल्या. त्यांत भेसळ म्हणून घातलेल्या ‘ई’ जीवनसत्त्वाच्या एका संयुगावर मुख्य ठपका आला. पोटात गेले तर निरुपद्रवी असणारे ते द्रव्य फुप्फुसात घातक ठरले. धूर तिथेही नव्हता.

धूर गाळून दोष काढण्याची खटपट काही आजची नाही. चिलमीला ओली छापी गुंडाळणारा गांजेकस तेच करत होता. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेगने आमच्या शेजारच्या विजापुरातून तंबाखू अकबराच्या दरबारात नेली, तेव्हा एका हकिमाने, या अजमावून न पाहिलेल्या वस्तूबद्दल आमच्या शास्त्रात काही लिहिलेले नाही, म्हणून हरकत घेतली. पुढे हुक्का पसरला आणि पाण्यातून आलेला धूर निर्मळ, अशी समजूत रुजली. ती खोटी होती, हे आज आपण जाणतो. छापी, पाणी आणि आता वाफ. यांतली वाफ मागच्या दोन्हींपेक्षा खरोखर सरस आहे. पण तिघींनी फक्त वाट झाडली; वाट जाते कुठे हे तिघींनीही विचारले नाही.

ती कुठे जाते, हे गोव्यात 1563 साली छापलेल्या एका ग्रंथात वाचायला मिळते. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने त्यात भांगेवर एक संवाद लिहिला आहे. गुजरातचा सुलतान बहादूर याचे एक बोलणे तो नोंदवतो: रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान, इराण फिरून यावेसे वाटले की आपण थोडी भांग घेतो. ऐकायला गंमत वाटते. पण आहे तिथून दुसरीकडे जाण्याची ओढ हेच नशेचे मूळ, आणि ती ओढ छातीत नसते. मेशुलम यांच्याच प्रयोगशाळेत 1992 साली मेंदूत उपजत असलेले एक द्रव्य सापडले. टीएचसी जिथे जाऊन बसते तीच त्याची जागा. त्याला नाव दिले ‘आनंदामाइड’, आपल्या ‘आनंद’ शब्दावरून. बाहेरचा पाहुणा घरच्या आनंदाच्या पाटावर येऊन बसतो, तेव्हा पाहुणा धुरातून आला की वाफेतून, याने फारसा फरक पडत नाही. विशीच्या आतल्या मुलाचा मेंदू तर अजून घडत असतो. आणि नशा करणाऱ्या दहांपैकी सुमारे तिघांना तिचा लगाम हाती राहत नाही, असे अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र सांगते.

आता भाच्याच्या आईचा तुकडा. गांजा आणि मनोविकार यांचा संबंध आहे. 2017 च्या त्या आढाव्यातही तो मान्य केला आहे, आणि जितके सेवन अधिक तितका धोका अधिक. पण ‘घेणारा वेडा होतोच’ असे शास्त्र म्हणत नाही. या अतिशयोक्तीचाही इतिहास आहे. ब्रिटिश सरकारने 1893 साली गांजा-भांगेच्या चौकशीसाठी आयोग नेमला. आयोगाने वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी तपासल्या, तेव्हा वेडाचे कारण म्हणून ‘गांजा’ लिहिण्याची पद्धतच पडून गेली होती, असे आढळले. खरे कारण कोणी शोधले नव्हते, रकाना तेवढा भरला होता. माफक सेवनाने फारसे बिघडत नाही, अतिरेकाने बिघडते, असा आयोगाचा निष्कर्ष होता. तो त्या काळच्या मालाविषयी होता. आजचा फुलोरा आणि अर्क कितीतरी जहाल आहेत. पण रकाना भरण्याची खोड आपल्या घराघरांत अजून आहे.

आणि ती महाग पडते. मुलगा परगावी जातो, चार मित्र घेताना पाहतो, त्यांतला कोणी वेडा झालेला दिसत नाही. मग आईचे एक विधान खोटे ठरले की तिची बाकीची खरी विधानेही त्याच टोपलीत जातात. विक्रेता ‘नुसती वाफ’ म्हणतो ते अर्धसत्य, आपण ‘वेडा होशील’ म्हणतो तेही अर्धसत्य. त्याचे नफ्यासाठी, आपले मायेसाठी. हेतू वेगळे असले तरी अर्धसत्याला माया चिकटली म्हणून ते पूर्ण होत नाही.

कायद्याचा आधार घ्यावा, तर तो धाक देतो, कारण देत नाही. 1985 च्या कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा. फुलोऱ्यावाचूनची नुसती पाने त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून मध्य प्रदेशात भांगेची परवान्याची दुकाने चालतात आणि गांजाला तुरुंग आहे. तापवून वाफ देणाऱ्या विजेच्या यंत्रांच्या विक्रीवर 2019 पासून देशभर बंदी आहे. हे मुलांना सांगायलाच हवे. पण ‘का?’ या प्रश्नाचे उत्तर घरानेच द्यायचे असते.

ते उत्तर पुन्हा त्या म्हणीपाशी येते. वीस वर्षे चिलीम ओढून छाती पोखरलेल्या माणसाला वाफ हा उतार आहे. त्याला ते सांगणे ही दया आहे, दडवणे क्रूरपणा. पण ज्या अठरा वर्षांच्या पोराने कधी धूरच घेतला नाही, त्याची तुलना धुराशी नाहीच. ती साध्या हवेशी आहे. तिथे वाफ हा उतार नव्हे, चढ आहे. एकच वाक्य एकाला औषध आणि दुसऱ्याला आमिष होते, आणि वाक्यात तर एक अक्षर बदललेले नसते. म्हणून ‘कमी वाईट’ हे शब्द कोणी उच्चारले की त्याला एवढेच विचारावे: कशापेक्षा, आणि कोणासाठी?

भाचा दिवाळीला येणार आहे. धूर नाही हे त्याचे म्हणणे मी आधी मान्य करणार आहे. त्यानंतरच पुढचे बोलता येईल.