एकादशीचे ताट आणि वारीचे पाय

आज थोडे कडू बोलायचे आहे. गोड मानून घ्यावे.

आषाढीला आळंदीहून निघालेला वारकरी सुमारे अडीचशे किलोमीटर पायी चालून पंढरी गाठतो. तेच पाय पुढे अकरा महिने काय करतात? शेतात ट्रॅक्टर आला, जात्याचे दळण गिरणीत गेले, कोपऱ्यावरच्या दुकानालासुद्धा मोटारसायकल लागते. मायबहिणींच्या खांद्यांना विसावा मिळाला, हे बरेच झाले. पण कष्ट घटले आणि ताट मात्र वाढले! ज्वारी-बाजरीची भाकरी मागे पडली; गोड चहा, बिस्किटे, फरसाण दिवसभर चालूच. खर्चापेक्षा जमा जास्त झाली की शिल्लक उरणारच. देहाच्या वहीतली ती शिल्लक म्हणजे चरबी. पोटाभोवती ती साचली की मधुमेह आणि रक्तदाब यांना दार उघडे होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांत २४ जणींचे, आणि पुरुषांत जवळजवळ २३ जणांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले.

आता आपली एकादशी पाहा. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण लोकांनी उगीच का केली? साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात तूप, दाण्याचा कूट, बटाटा. वर भगर, चिवडा आणि तळलेल्या चकत्या. धान्य सुटले खरे, पण जिभेचा हट्ट सुटला का? उपवास म्हणजे जवळ बसणे, पांडुरंगाच्या जवळ. पोट जड झाले की कीर्तनात डोळा लागतो. मग जवळ बसले कोण?

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी फार खाणाऱ्याला योग नाही म्हटले, तसेच मुळीच न खाणाऱ्यालाही नाही म्हटले. तेव्हा उपाशी मरू नका. फराळ एकदाच, वाटीभर. जोडीला फळ, ताक. मधुमेहाचे औषध चालू असेल त्याने डॉक्टरांना विचारूनच उपवास धरावा. आणि रोज अर्धा तास, मुखी नाम घेत, झपझप चालावे.

एक मात्र सांभाळा. लठ्ठ माणूस दिसला म्हणून हसू नका. कुणाचा वंश तसा, कुणाचा आजार, कुणाला औषधांनी सूज. ज्याच्या त्याच्या देहात विठ्ठल पाहणारे आपण. तपासायचे ते स्वतःचे ताट.

वारी वर्षातून एकदा पंढरीची. पण चालणे बारा महिन्यांचे असू द्या, म्हणजे म्हातारपणीही पाय महाद्वारापर्यंत नेतील.

पुंडलीक वरदा हारि विठ्ठल!