मालिकेचा निरोप



टीव्हीवरची एखादी मालिका संपली म्हणून वाईट वाटणे हा भाबडेपणा आहे काय? पुष्कळजण 'हो' म्हणतील. मला तसे वाटत नाही.

'चार दिवस सासूचे' ही मालिका ई टीव्ही मराठीवर २००१ साली सुरू झाली आणि जानेवारी २०१३ मध्ये संपली. भाग झाले ३,००० हून अधिक. (नावात दिवस मात्र चारच!) ती सुरू झाली तेव्हा पहिलीत असलेले मूल ती संपेपर्यंत कॉलेजात पोहोचले होते. रोहिणी हट्टंगडी यांची सासू आणि कविता लाड यांची सून इतकी वर्षे आपल्या ओटीवर येऊन बसत होत्या. मग एके दिवशी येईनाशा झाल्या.

कॉलिन रॅडफर्ड या तत्त्वज्ञाने १९७५ साली एक प्रश्न विचारला: जी व्यक्ती मुळात अस्तित्वातच नाही, तिच्या दुःखाने आपण का हेलावतो? त्यांच्या मते या भावनेत विसंगती आहे. संत ऑगस्टीन त्याहून कठोर. आपल्या 'कबुलीजबाबा'त ते सांगतात, की लहानपणी डिडो राणीच्या मरणावर ते रडले, पण स्वतःच्या आत्म्याच्या मरणावर रडले नाहीत. नाटकाविषयी त्यांची तक्रार अशी, की तेथे प्रेक्षकाला मदतीला कोणी बोलावत नाही, फक्त हळहळायला बोलावतात. हे बोट नेमके दुखऱ्या जागी पडते. पडद्यावरच्या सुनेचा छळ पाहून डोळे पुसायचे आणि शेजारच्या घरातला आरडाओरडा ऐकू आला की आवाज वाढवायचा, हे आपल्याकडे घडत नाही असे मी म्हणणार नाही.

पण ऑगस्टीन नाट्यगृहाविषयी लिहीत होते. मालिका घरात पाहिली जाते. सकाळपासून एकमेकींशी न बोललेल्या सासू-सुना संध्याकाळी पडद्यावरच्या सासूविषयी बोलायच्या. स्वतःच्या सुनेला जे तोंडावर सांगता येत नाही ते तिथल्या सुनेच्या नावावर खपायचे, आणि सूनही तसेच उत्तर द्यायची. मालिका संपली तेव्हा हा आडोसा गेला. हळहळ त्याची आहे, आणि ती खऱ्या गोष्टीची आहे. म्हणून रॅडफर्ड यांची विसंगती मला येथे दिसत नाही. कलाकारांचे काय, रोहिणीताई त्याच वर्षी दुसऱ्या वाहिनीवर 'आईआजी' होऊन आल्याच. मालिका सोबत बसून पाहणारे माणूस मात्र तसे परत येत नाही.

आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन घेऊन गेल्यावर अशा काही घरी टीव्ही चालू असतो. पूर्वी दोघी असायच्या, आता एकच. आवाज बंद होतो, प्रार्थना होते. मग "फादर, थोडं बसा ना." मालिकेचा विषय निघाला तर मी घड्याळ पाहत नाही. तिथली सून कशी होती हे सांगता सांगता त्या स्वतःच्या सुनेवर येतात, परदेशातल्या मुलावर येतात, आणि बंद केलेला आवाज पुन्हा सुरू करायचा राहून जातो.