मागच्या सीटखाली

गाडीचा मालक आपल्या गाडीत मागे बसतच नाही. त्याची जागा स्टिअरिंगची. मागे बसतात ती आई-वडील, सासू-सासरे, मुलं, गावाहून आलेले पाहुणे. गाडी घ्यायची ठरते तेव्हा आपण नावं घेतो ती याच माणसांची. आईला डॉक्टरकडे नेता येईल, मुलांना पावसात भिजावं लागणार नाही, बाबांना एकदा पंढरपूरला घेऊन जाऊ. पण ही माणसं जिथे बसतात ती जागा कशी आहे, तिथला बेल्ट कुठे आहे, ओढल्यावर तो बक्कलात बसतो का, हे चालवणाऱ्याला बहुधा माहीत नसतं. आरशात त्याला फक्त चेहरे दिसतात.

म्हणून आज एक काम सुचवावंसं वाटतं. एखाद्या रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, गाडीची मागची सीट घरच्या घरी काढा.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. पावसाळा सरला की दसऱ्याच्या आधी ते हे काम करतात आणि नातीला सोबत घेतात. तिच्या हातात स्टीलची वाटी असते. "बोल्ट जमिनीवर ठेवायचा नाही हं, वाटीत टाक," असं ते सांगतात आणि तीही प्रत्येक बोल्ट जपून ठेवते. हे पाहणं मला फार आवडतं. ज्या जागेवर ती रोज बसते, त्या जागेखाली काय आहे हे त्या मुलीला ठाऊक आहे.

कामाला मेकॅनिक लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करायची, हँडब्रेक ओढायचा, चावी काढून खिशात ठेवायची. बहुतेक छोट्या गाड्यांत मागची सीट म्हणजे दोन भाग असतात, बसायची गादी आणि पाठ. गादीच्या पुढच्या काठाखाली तारेचे आकडे असतात आणि ते तळाच्या पत्र्यातल्या प्लॅस्टिकच्या खाचेत रुतलेले असतात. आकडा जिथे आहे नेमकं तिथेच काठाखाली हात घालून सरळ वर हिसका दिला की टक्कन आवाज येतो आणि ती बाजू सुटते. मग दुसरी बाजू. काही गाड्यांत आकड्यांच्या जागी बोल्ट असतात, तिथे पाना लागतो. आपल्या गाडीत काय आहे ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत बघावं. ती आपण प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधी बाहेरच काढत नाही. पिवळ्या रंगाचा वायरीचा जोड दिसला तर तो बहुधा एअरबॅगशी जोडलेला असतो, त्याला हात लावायचा नाही. अनेक पेट्रोल गाड्यांत गादीच्या खालीच टाकीच्या पंपाचं झाकण असतं, म्हणून जवळपास उदबत्तीसुद्धा नको. पाठ काढायची गरज सहसा पडत नाही. गादी निघाली की आपलं काम होतं.

गादी उचलली की आधी वास येतो. पावसाळ्यात ओल्या चपला, छत्र्या, रेनकोट यांचं पाणी मागच्या पायाशी साचतं, मॅटिंगखालच्या जाड नमद्यात मुरतं आणि तिथेच राहतं. वरून सगळं कोरडं दिसतं. नमदा हातानं दाबला की ओल कळते, आणि पत्र्यावर गंजाचा पहिला तांबूस डाग दिसतो. उंदरानं कुरतडलेली वायर सापडते. बिस्किटांचा चुरा, शेंगांची टरफलं, केसांच्या पिना, एखाद्या बाहुलीचा बूट, नाणी असा कितीतरी प्रवासांचा ऐवज तिथे जमलेला असतो. हे सगळं झाडून घ्यावं, मॅटिंग वर करून वारा लागू द्यावा आणि दुपारपर्यंत गाडीची दारं उघडी ठेवावीत.

पण माझा खरा आग्रह सफाईसाठी नाही.

गादी बाहेर येते, पण बेल्टची बक्कलं बहुतेक गाड्यांत जागच्या जागी राहतात. गादीच्या फटीतून त्यांना ओवून सोडवावं लागतं, तेव्हा कुठे गादी निघते. त्यांचं मूळ गादीत नसतंच. ती जाड बोल्टनं थेट गाडीच्या पत्र्याला जखडलेली असतात. गादी आरामासाठी असते आणि माणसाला धरून ठेवायचं काम गाडीचा सांगाडा करतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की बेल्टकडे बघायची दृष्टी बदलते. तो बोल्ट मात्र आपण सोडायचा नाही. तो सैल झालेला वाटला तर मेकॅनिकला दाखवावा.

हीच बक्कलं आपल्या घरोघरच्या गाड्यांत गादीखाली गाडली गेलेली असतात. नवी गाडी आली की काही दिवसांत तिच्यावर सीट कव्हर चढतं. कव्हराचं कापड ताणून फटीत खोचताना बक्कलंही आत जातात. कधी बसणाऱ्याला टोचतात म्हणून कुणीतरी ती खाली सारतं. लहान मुलाची खुर्ची अडकवायच्या लोखंडी कड्यासुद्धा त्याच फटीत असतात आणि त्याही झाकल्या जातात. मग एके दिवशी आई विचारते, "बेल्ट लावायचा का रे?" आणि आपण म्हणतो, "मागे लागत नाही गं." हे उत्तर चूक आहे. मागे बसलेल्यांनीही बेल्ट लावला पाहिजे, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १३८ वा नियम सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेल्ट न लावण्याचा दंड १,००० रुपये आहे.

दंडाची गोष्ट सोडून देऊ. ४ सप्टेंबर २०२२ च्या दुपारी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर एक मोटार कठड्यावर आदळली. टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल मागे बसले होते. त्या दोघांनी बेल्ट लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. दोघेही गेले. पुढे बसलेले दोघं जबर जखमी झाले, पण वाचले. त्या आठवड्यात महाराष्ट्रभर मागच्या बेल्टविषयी बोललं गेलं. आज तुमच्या-माझ्या ओळखीच्या किती गाड्यांत मागचं बक्कल वर आहे, ते पाहा.

'मागे काय होतंय' हा समज आला कुठून? मागे बसणाऱ्यासमोर काच नसते, मऊ पाठीची सीट असते, म्हणून तो सुरक्षित वाटतो. पण गाडी ताशी ६० किलोमीटरच्या वेगात असेल तर आत बसलेलं माणूसही त्याच वेगात असतं. गाडी अडली तरी ते अडत नाही. त्या वेगानं आपटणं म्हणजे सुमारे १४ मीटर उंचीवरून पडणं, म्हणजे चार-पाच मजले. शिवाय ते पुढच्या सीटवर आदळतं आणि पुढे बेल्ट लावून बसलेल्यालाही चेपतं. मांडीवर घेतलेलं बाळ त्या क्षणी कुणाच्याही हातात राहत नाही, आईच्यासुद्धा नाही.

जगभर मागच्या माणसाचा विचार उशिराच झाला. तीन ठिकाणी बांधणारा आजचा बेल्ट व्होल्व्हो कंपनीतल्या नील्स बोलिन या अभियंत्यानं १९५९ मध्ये तयार केला, आणि कंपनीनं तो इतरांनाही वापरू दिला. हे मला आधुनिक काळातल्या मोठ्या दानांपैकी एक वाटतं. ब्रिटनमध्ये पुढे बसणाऱ्यांना बेल्टची सक्ती झाली ३१ जानेवारी १९८३ ला. मागे बसणाऱ्या मोठ्या माणसांसाठी तीच सक्ती यायला १ जुलै १९९१ उजाडावा लागला. कायद्यालाही मागे वळून बघायला आठ वर्षं लागली. आपल्याला घरच्या माणसांसाठी तेवढा वेळ लागू नये.

गादी परत बसवताना घाई करू नका. आधी सगळी बक्कलं फटीतून वर काढून धरा, कुणालातरी मागून धरायला सांगा, आणि मग गादी मागे सरकवून आकडे खाचेत दाबा. काकांची नात हेच काम करते. बक्कलं तिच्या मुठीत असतात आणि आजोबा गादी दाबतात. कव्हरात फट नसेल तर ती कापून, शिवून करून घ्या. बेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा. मळला असेल तर साध्या साबणाच्या पाण्यानं पुसा. ब्लीच नको, त्यानं पट्ट्याचे धागे कमजोर होतात. पट्टा कुठे उसवला, कातरला गेला असेल तर तो बदलूनच घ्यावा.

आणि गादी त्याच दिवशी परत बसवा. सामान न्यायला जागा होते म्हणून व्हॅनच्या सीट कायमच्या काढून ठेवायची सवय आपल्याकडे आहे. मग त्याच रिकाम्या तळावर, पोत्यांवर, माणसं आणि मुलं बसवली जातात. गाडीच्या नोंदणीत किती माणसं बसतील ते लिहिलेलं असतं आणि परवानगीशिवाय त्यात बदल करायला मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मनाई करतं. पण कलम नसतं तरी मी हेच म्हटलं असतं. बेल्ट नसलेल्या जागी मूल बसवू नये.

सीट परत बसवली की आई-बाबांना तिच्यावर बसवून एकदा बेल्ट कसा लावायचा तेही दाखवा. वयस्कर माणसाची मान आणि खांदा वळत नाही, त्यांना मागचा पट्टा हाताला लागत नाही. तो आपण ओढून द्यावा. खालचा पट्टा पोटावरून नव्हे, कमरेच्या हाडांवरून जायला हवा. साडी असेल तर निऱ्यांचा फुगवटा सारखा करून तो सपाट बसवावा. पोटुशी बाई असेल तर तो पोटाच्या खालून घ्यावा. यात मिनिटभरही जात नाही, आणि म्हातारी माणसं त्या मिनिटानं किती सुखावतात ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

रविवार अजून लांब असेल. तोवर एवढं करा. आज गाडी बाहेर काढण्याआधी मागचं दार उघडा, स्वतः आत बसा, प्रत्येक बक्कल हाताला लागतं का ते बघा, आणि मागे बसलेल्या प्रत्येकाचा बेल्ट लागल्याशिवाय गाडी सुरू करू नका.