थापटणे आणि पाना

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गोरोबाकाकांचे गाव. काकांनी मडकी पारखण्याचे थापटणे संतमंडळींच्या मस्तकांवर मारून पाहिले व नामदेवरायांस कच्चे ठरविले, ही कथा आपल्यातील लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. तेच थापटणे गेल्या हिवाळ्यात आम्हांस एका वेगळ्याच ठिकाणी आठवले, त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बालाघाटाच्या एका माळावर आमच्या ओळखीचा एक तरुण पॅरामोटार घेऊन उडावयास निघाला होता. ज्यांनी हे यंत्र पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. माणसाच्या पाठीवर पंचवीस-तीस किलोचे छोटे इंजिन, त्याच्यामागे पिंजऱ्यात फिरणारा पंखा, आणि वर दोऱ्यांनी जोडलेले कापडी छत्र. एवढ्यावर माणूस आकाशात जातो. निघण्यापूर्वी हा तरुण गुडघ्यावर बसून एकेक बोल्ट बोटांनी चाचपीत होता. सायलेन्सरचे बोल्ट, इंजिन ज्या रबरी पायांवर टेकते तेथले, पंखा धरून ठेवणारे, पिंजऱ्याचे. शेजारी त्याची आजी उभी होती. ती म्हणाली, "अरे, काल तर सगळं बघितलं होतंस. देव आहे की तुझ्या पाठीशी!" तो हसून म्हणाला, "आजी, देव पाठीशी आहेच, पण इंजिन पाठीवर आहे ना!"

सारे हसले. आम्हीही हसलो. पण आजीचा प्रश्न काही मनातून जाईना. देवावर भरवसा ठेवणाऱ्याने रोज रोज तपासावे, हा त्या भरवशातला उणेपणा समजावा की काय?

काल घट्ट असलेला बोल्ट आज ढिला कसा होईल, असे आम्ही त्या तरुणास विचारले. तो म्हणाला, इंजिन मिनिटाला हजारो फेरे घेते आणि सारखे हादरत राहते. त्या हादऱ्यांनी नट आट्यांवरून केसाकेसाने मागे सरकतो. सायलेन्सर तापतो नि निवतो, म्हणून तेथले बोल्ट लवकर सुटतात. पंखा लाकडी असला तर पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, आणि मग नट जागचा न हलताही पकड सैल पडते. सुटलेला बोल्ट मागच्या पंख्यात गेला तर पंख्याचे तुकडे होतात. म्हणजे यंत्र बिघडले नसतानाही, ते चालते एवढ्यानेच बोल्ट सुटत असतो. हे ऐकून आमची एक जुनी गोष्ट सलू लागली.

नाथांची पालखी पैठणहून पंढरीस जाताना परांड्यावरून जाते. एके वर्षी त्या वाटेवर आमच्या दिंडीच्या पाण्याच्या टँकरची चाके रोज पहाटे पाहण्याची सेवा आमच्याकडे होती. हातोडीने नट ठोकायचा. घट्ट नट खणकन् वाजतो, ढिला बद्द वाजतो. तीन दिवस नेमाने केले. चौथ्या पहाटे झोप आवरेना. "कालच तर पाहिलंय, पांडुरंग सांभाळील," असे म्हणून कूस बदलली. दुपारी ड्रायव्हरला चाक डगमगल्यासारखे वाटले, म्हणून त्याने गाडी उभी केली. एका चाकाचे तीन नट नुसत्या हाताने फिरत होते. शेजारून डोईवर तुळस घेतलेल्या आयाबाया चालल्या होत्या. सगळे म्हणाले, देवाने राखले. आम्हीही म्हणालो. पहाटे आपण चाक पाहिलेच नव्हते, हे मात्र कोणास सांगितले नाही. आज येथे प्रथमच लिहीत आहोत.

त्या पहाटे आमचा आळस देवाचे नाव घेऊन झोपला होता. शिवाय जीव धोक्यात होता तो त्या आयाबायांचा, आणि भरवसा ठेवून मोकळे झालो होतो आम्ही. आपल्या जिवाचा भार देवावर टाकणारा भक्त म्हणवेल. दुसऱ्याच्या जिवाचा भार परस्पर टाकून देणाऱ्यास काय म्हणावे?

ही चूक दिंडीच्या टँकरपुरतीच आहे असेही नाही. ५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेत पोर्टलँडहून निघालेल्या बोइंग विमानाची, दाराच्या जागी बसविलेली एक फळी हवेतच निखळून पडली. दैव बलवत्तर म्हणून आतील १७७ माणसे वाचली. चौकशीत आढळले, की कारखान्यात दुरुस्तीसाठी ती फळी उघडली होती आणि तिला धरून ठेवणारे चार बोल्ट परत बसविलेच नव्हते. त्या कामाची नोंदही कोणी ठेवली नव्हती.

मग जन्मभर पाना घेऊनच बसावे काय? तसेही नाही. बोल्ट पिळला की किंचित ताणला जातो आणि त्या ताणानेच धरून ठेवतो. फाजील पिळला तर आटे जातात, नाहीतर बोल्टच तुटतो. म्हणून जाणते लोक किती पिळला हे दाखविणारा पाना वापरतात. जो उठता-बसता स्वतःच्या दोषांनाच पिळीत राहतो, त्याच्याही मनाचे आटे जातात.

त्या तरुणाने आणखी एक गंमत दाखविली. घट्ट केलेल्या प्रत्येक नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत त्याने पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली होती. नट जरा फिरला की रेघ तुटलेली दिसते. ती रेघ नटाला धरून ठेवीत नाही. तो सरकला एवढेच सांगते.

आमच्या मते आपला नेम हा त्या रेघेसारखा आहे. एकादशी, हरिपाठ, वारी यांनी माणूस आपोआप घट्ट होतो असे नाही. पण नेम चुकला की कळते, आपण कोठेतरी सरकलो. काकांच्या थापटण्याने तरी मडके कोठे भाजले जाते? कच्चे की पक्के, एवढेच ते सांगते. नामदेवरायांस तो ठोका लागला, पण पुढे ते विसोबा खेचरांकडे गेले. आम्ही तर आमचा बद्द आवाज इतकी वर्षे लपवूनच ठेवला.

माळावर त्या दिवशी सायलेन्सरच्या एका बोल्टाची रेघ तुटलेली निघाली. तरुणाने पाना लावून तो नीट बसविला, रेघ नव्याने ओढली, मगच इंजिन चालू केले. तो वर जाईपर्यंत आजी हात जोडून उभी होती. दोघांनीही आपापले काम केले. आम्हीही आता पहाटे उठतो आणि हातोडी घेतो. नाव तेव्हाही मुखी असतेच.