उशाशी बसणाऱ्याचे मत

रुग्णालय कोणाचे? डॉक्टरांचे, महापालिकेचे, की जो तेथे खाटेवर पडला आहे त्याचे? प्रश्न भाबडा वाटेल. पण पाण्याचा नळ कोणत्या मजल्यावर असावा, हे त्याच्या उत्तरावरच ठरते.

पुष्कळ सुज्ञ माणसे म्हणतात, रोग्याला काय कळते? त्याने औषध घ्यावे, मसलत देऊ नये. मी शाळामास्तर, हा युक्तिवाद माझ्या ओळखीचा आहे. अभ्यासक्रम मुलांना विचारून ठरवीत नाहीत, हे खरे. परंतु बाकाचा खिळा कोठे टोचतो, हे पोराइतके इन्स्पेक्टरला ठाऊक नसते. रात्री दोन वाजता सलाईन संपली तर हाक कोणाला मारावी, हे आराखड्यात लिहिलेले नसते. उशाशी बसलेल्या बायकोला मात्र ते शिकावेच लागते.

आमच्या ठाणे जिल्ह्याने हा प्रयोग पाहिलेला आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ साली अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि तेव्हाचे उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत ‘लोकाधारित देखरेख’ सुरू झाली. गावच्या समितीने आरोग्यसेवेची प्रत ठरवावयाची आणि जनसुनावणीत अधिकाऱ्यांसमोर उभे राहून बोलावयाचे! गंमत अशी की, ही सोय खेड्यांसाठी. डोंबिवलीचा रोज वर्तमानपत्र वाचणारा चाकरमानी केसपेपरच्या खिडकीशी अजून ‘मेहेरबानी करा’ याच सुरात बोलतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. चौकशी समिती नेमली गेली. चौकशी मरणानंतर येते. विचारपूस आधी करता येते.

अडचण आहे, आणि ती लहान नाही. ज्याची साक्ष सर्वांत मोलाची, तो पुष्कळदा उरलेलाच नसतो. जो बरा होतो, त्याला त्या इमारतीचे नावही नको असते. राहता राहिले नातलग. ते दुःखाने हळवे, रागाने तापलेले. त्यांचे निम्मे बोलणे डॉक्टरांवर अन्याय करणारेही असेल. शिवाय ज्याचा मुलगा अजून आत आहे, तो तोंड कसे उघडणार? उद्या त्याच हातांची सुई टोचून घ्यावयाची आहे. मग समितीत एखादा पुढारी, एखादा दाता जाऊन बसतो आणि सर्व ठीक असल्याचे इतिवृत्त लिहिले जाते.

माझ्या मते तेथे बसवावी ती महिन्यापूर्वी घरी गेलेल्या रोग्याची आई किंवा बहीण. राग निवलेला, आठवण ताजी. मात्र कसाऱ्याहून येण्याचे तिचे लोकलचे भाडे आणि बुडालेला रोज कोणी द्यावा, हे आधी ठरवावे लागेल.